तारीख नसलेली कैद : येरवडा, पुरंदर, वळिवडे

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की स्थलांतरितांची स्थानबद्धता, आश्रय मागणारी मुलं, हे सगळं अमेरिका-ऑस्ट्रेलियाचं. त्याचा पुण्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हा विषय निघाला की डोळ्यांसमोर मेक्सिकोची सीमा येते, नाहीतर नाउरू बेट. पण आपण येरवड्यात बसलो आहोत. माणसाला कोंडून ठेवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी पाहायच्या असतील, तर त्यासाठी येरवड्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. म्हणून सुरुवात इथूनच करू.

दोन भिंती, दोन कायदे

येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग 1871 सालचा. तिथे जाणाऱ्या माणसाची गोष्ट साधारण ठरलेली असते. आरोप ठेवला जातो, खटला चालतो, न्यायाधीश शिक्षा सुनावतात आणि शिक्षेच्या कागदावर वर्षं-महिने लिहिलेले असतात. कैदी भिंतीवर रेघा मारतो ना, तो त्या तारखेपर्यंतच्या रेघा मारतो. शिक्षा न्याय्य असेल, अन्याय्य असेल, पण तिला शेवट असतो. 1922 साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना इथे आणलं. ते 1924 साली, ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यावर, लवकर सुटले. पण नसते सुटले तरी 1928 हे साल कागदावर होतंच.

आता नगर रस्त्याने थोडं पुढे या. आगाखान पॅलेस. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू यांना तिथे ठेवलं. राजवाडाच तो. बाग होती, डॉक्टर होते. आरोपपत्र नव्हतं, खटला नव्हता आणि शिक्षाही नव्हती. म्हणजेच सुटकेची तारीखही नव्हती. महादेवभाई आठवड्याच्या आत, 15 ऑगस्ट 1942 ला गेले. कस्तुरबा 22 फेब्रुवारी 1944 ला गेल्या. दोघांच्या समाध्या तिथेच आहेत. कस्तुरबांच्या शुश्रूषेसाठी नागपूरच्या तुरुंगातून मनू गांधीला तिथे आणलं होतं. ती तेव्हा पंधरा वर्षांची. आजच्या कायद्याने ती बालकच.

या दुसऱ्या प्रकाराला मराठीत आपल्याकडे एक पक्का शब्द आहे, स्थानबद्धता. तो आपल्याला चांगला माहीत आहे तो सावरकरांमुळे. जानेवारी 1924 मध्ये त्यांना याच येरवड्यातून सोडलं, पण रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. अट पाच वर्षांची होती. ती वाढवत वाढवत 1937 पर्यंत गेली. पाचाची तेरा झाली, कारण मुदत वाढवायला पुन्हा खटला चालवावा लागत नाही. सरकारचा एक आदेश पुरतो.

हा फरक मनात पक्का ठेवा. शिक्षा तुम्ही जे केलंत त्यासाठी असते. स्थानबद्धता तुम्ही कोण आहात, किंवा पुढे काय कराल अशी शंका आहे, त्यासाठी असते. परदेशी माणसाला कागद नाहीत म्हणून ठेवतात ती या दुसऱ्या जातीची कैद. आणि तिच्यात मुलं कशी सापडतात, हे बघायला आपल्याला पुण्याच्या आसपासच फिरायचं आहे.

बेळगाव, नगर, पुरंदर

परक्या देशाच्या लोकांना कोंडून ठेवण्याची जागा म्हणून अहमदनगर, आताचं अहिल्यानगर, फार जुनं आहे. बोअर युद्धातले कैदी तिथे होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात राहणारे जर्मन तिथे आणले गेले. त्यात व्यापारी होते, मिशनरी होते, ज्यांचा लढाईशी काडीचा संबंध नाही असेही होते. पुरुष नगरला आणि बायका-मुलं असलेली कुटुंबं बेळगावला, अशी ढोबळ विभागणी होती. म्हणजे परदेशी मुलांची छावणी या मुलखात शंभर वर्षांपूर्वीही होती.

3 सप्टेंबर 1939 ला दुसरं युद्ध सुरू झालं आणि नगरची छावणी पुन्हा उघडली. या वेळी मात्र एक विचित्र गोष्ट झाली. 1933 नंतर, आणि विशेषतः 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर, जर्मनी-ऑस्ट्रियातले काही ज्यू जीव वाचवून मुंबईला आले होते. डॉक्टर होते, इंजिनिअर होते, संगीतकार होते. त्यांच्या हातात पासपोर्ट होता तो जर्मन. युद्ध सुरू झाल्यावर पोलीस यादी घेऊन निघाले, ती यादी पासपोर्टवरून केलेली. त्यामुळे नाझी पक्षाचा सभासद आणि नाझींपासून पळून आलेला ज्यू, दोघंही 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून एकाच छावणीत जाऊन बसले.

सरकारला ही चूक कळली नाही असं नाही. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने एकेका माणसाची चौकशी केली. मुंबईतली ज्यू रिलीफ असोसिएशन लोकांसाठी हमी द्यायला उभी राहिली आणि बरेच जण काही महिन्यांत सुटले. हे मुद्दाम सांगतो, कारण यात एक धडा आहे: माणसाला समोर बसवून त्याची गोष्ट ऐकली, की यादीतली चूक दुरुस्त करता येते. पण 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, सगळीकडे हेरांची भीती पसरली आणि धरपकड पुन्हा सुरू झाली. सुटलेल्यांपैकी काही पुन्हा आत गेले.

कुटुंबांसाठी तेव्हा 'पॅरोल' वसाहती केल्या होत्या. एक साताऱ्याला आणि एक पुरंदर किल्ल्यावर. पॅरोल म्हणजे शब्दावर राहणं: ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही, हजेरी द्यायची, बाकी आत संसार करायचा. पुरंदरवर हवा चांगली, ब्रिटिश सैनिकांचं आरोग्यधाम तिथे आधीपासून होतं. कला-इतिहासकार हर्मान ग्योट्झ, ज्यांचं नाव पुढे बडोद्याच्या संग्रहालयाशी जोडलं गेलं, ते तिथे स्थानबद्ध होते आणि त्या काळात त्यांनी किल्ल्याचा अभ्यास केला. ट्रेकला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, की ज्या किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्याच किल्ल्यावर युरोपातून पळून आलेली कुटुंबं युद्धकाळात अडकून पडली होती?

आता मुलांकडे या. पुरंदरवरच्या एखाद्या मुलाला कोणी ठरवून पकडलं होतं का? नाही. कुठल्याही आदेशात 'मुलांना अटक करा' असं नसतं. वडिलांचा पासपोर्ट जर्मन, म्हणून वडील संशयित. आईला आणि मुलांना वेगळं ठेवणं क्रूरपणाचं, म्हणून कुटुंब एकत्र. एकत्र म्हणजे कुठे, तर छावणीत. प्रत्येक पायरी आपापल्या जागी माणुसकीची वाटते आणि शेवटी मूल हद्दीच्या आत सापडतं. ही पायऱ्यांची रचना आजही तशीच्या तशी आहे. 1962 साली चीनच्या युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवळीला नेलं, त्यात पुष्कळ मुलं होती. इथेच जन्मलेली आणि चीन कधी न पाहिलेली. काहींची शेवटची वर्षं तिथेच गेली, काही 1967 पर्यंत अडकून होते.

पुरंदरचा आणखी एक पीळ आहे. नोव्हेंबर 1941 मध्ये नाझी सरकारने फर्मान काढून परदेशात राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. म्हणजे जर्मनी म्हणते, हे आमचे नाहीत. ब्रिटिश कायदा मात्र म्हणत होता, युद्ध चालू असताना शत्रूचं फर्मान आम्ही मानत नाही, आमच्या लेखी हे जर्मनच. ज्या देशाने हाकललं, त्याच देशाचे म्हणून कोंडलेले लोक. यांची बाजू घ्यायला वकिलात कुठली येणार? हा प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा लागेल.

वळिवडे

त्याच वर्षांत, पुरंदरपासून दक्षिणेला एका दिवसाच्या प्रवासावर, अगदी उलटी गोष्ट घडत होती.

1940 पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली होती. जुलै 1941 मध्ये लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, त्यांना सोडायचं ठरलं. भुकेलेली, आजारी माणसं इराणपर्यंत पोचली. त्यात अनाथ मुलं फार होती. काही शे मुलं जामनगरजवळ बालाचडीला आली, जामसाहेब दिग्विजयसिंहांच्या राज्यात. आणि 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं.

वळिवडे ही छावणीच होती, बराकी होत्या, नियम होते. पण तिथे शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती, नाटकं होत होती. पोरं कोल्हापूरच्या बाजारात जात. पंचगंगेच्या काठच्या लोकांनी ही गोरी पोरं आपल्यात फिरताना पाहिली. ज्यांची तब्येत खालावली होती अशा मुलांसाठी पाचगणीला सोय होती. 1948 पर्यंत वसाहत चालली. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आज तुम्ही ज्याला गांधीनगर म्हणता, कोल्हापूरची कापडाची बाजारपेठ, ते हेच. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्या वसाहतीची आठवण उभी आहे.

आपल्याला याचा अभिमान आहे आणि असावा. पण व्याख्यान इतिहासाचं आहे, तेव्हा अभिमानाच्या जरा मागे जाऊ. वळिवड्याची मुलं मोकळी का होती? पोलंड हा मित्रदेश होता म्हणून. खर्चाची जबाबदारी घेणारं पोलिश सरकार लंडनमध्ये होतं म्हणून. मुंबईत त्यांची वकिलात होती म्हणून. पुरंदरवरच्या ज्यू मुलाच्या पाठीशी यातलं काहीच नव्हतं. दोघंही युरोपातून जीव वाचवून आलेली, दोघंही निरपराध, दोघंही मुंबई इलाख्याच्या आसपासच. वयाकडे कोणी पाहिलं नाही, कागदाकडे पाहिलं.

आणि कागद किती लवकर बदलतो पाहा. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. एका सकाळी वळिवड्याच्या पाच हजार लोकांचं सरकार नाहीसं झालं. ज्या कागदावर ती पोरं मोकळी होती, तो कागद गेला. तरी त्यांना कोणी कोंडलं नाही. वसाहत पुढे तीन वर्षं चालू राहिली, शाळा चालू राहिल्या. म्हणजे कागद नसतानाही मुलं मोकळी ठेवता येतात, हे कोल्हापुरात सिद्ध झालेलं आहे.

आत जाऊन पाहणारा माणूस

आता पाहणी करण्याचा, निगराणीचा भाग. कोंडलेल्या माणसाचं रक्षण कोण करतं? कायदा करतो, असं उत्तर आपण देतो. पण कायदा भिंतीबाहेर असतो. भिंतीच्या आत जाऊन त्याची अंमलबजावणी बघणारा कोणीतरी लागतो.

1917 साली फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे स्विस प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्या बघायला आले आणि त्यांचा अहवाल छापला गेला. एका साम्राज्याने, ऐन युद्धात, तिऱ्हाइताला आपल्या छावणीचं दार उघडलं. का? कारण आपलीही माणसं पलीकडे कैदेत होती. परस्परांचा धाक होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कैद्यांचे हितसंबंध स्वित्झर्लंड सांभाळत होतं. पण मघाचा प्रश्न आठवा. ज्याला देशच नाही, त्याच्या वतीने कोण येणार?

या प्रश्नाचं उत्तर युद्धानंतर कायद्यात लिहिलं गेलं. 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम 44 सांगतं, की ज्या निर्वासितांना प्रत्यक्षात कुठल्याच सरकारचं संरक्षण नाही, त्यांना केवळ कागदोपत्री शत्रुदेशाचे म्हणून शत्रू मानू नका. वाचताना वाटतं, नगरच्या छावणीतल्याच माणसाकडे बघून हे कलम लिहिलंय. 1951 च्या निर्वासित करारातही याच धर्तीचं कलम आहे. भारताने जिनिव्हा करार मान्य केले आहेत, 1951 चा निर्वासित करार मात्र आजही केलेला नाही.

आपल्या तुरुंगांत पाहणीची परंपरा जुनी आहे. 1894 च्या तुरुंग कायद्यापासून तुरुंगाला भेट देणारे सरकारी आणि बिगरसरकारी अभ्यागत ही कल्पना नियमांत आहे. न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि गावातली काही माणसं. कागदावर छान. पण भेट आधी कळवून होते, तुरुंगाधिकारी बरोबर चालतात, भात चाखला जातो, वहीत 'व्यवस्था समाधानकारक' लिहिलं जातं आणि संपतं.

ही चौकट मोडली ती मुंबईच्या एका पत्रकार बाईने. शीला बारसे. त्यांनी मुंबईच्या तुरुंगात जाऊन स्त्री कैद्यांशी बोलून पाहिलं. काही जणींना पोलीस कोठडीत मारहाण झाली होती. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने काय केलं? निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना सांगितलं, की तुम्ही आत जा, बायकांशी बोला आणि आम्हाला कळवा. 1983 च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, स्त्री पोलीस, वकिलाची मदत आणि न्यायाधीशांनी न कळवता द्यायच्या भेटी, हे सगळं आलं. पुढे बारसे यांनीच देशभरातल्या तुरुंगांतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न नेला. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगात जाऊन मुलं आहेत का ते बघायला सांगितलं. अनेक राज्यांना आपल्या तुरुंगात मुलं किती, हे धड सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा झाला.

पाहणीचं खरं काम या उदाहरणात दिसतं. पाहणाऱ्याकडे तीन गोष्टी लागतात. न कळवता जाता आलं पाहिजे. कैद्याशी अधिकाऱ्याच्या गैरहजेरीत, त्याला समजेल त्या भाषेत बोलता आलं पाहिजे. आणि पाहिलेलं बाहेर सांगता आलं पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन वाया जातात. आसामचं उदाहरण घ्या. जानेवारी 2018 मध्ये हर्ष मंदर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे विशेष निरीक्षक म्हणून गोलपारा आणि कोक्राझारच्या तुरुंगांतल्या स्थानबद्धता केंद्रांत गेले. परदेशी ठरवलेले लोक तिथे वर्षानुवर्षं होते, कुटुंबं तुटली होती, सहा वर्षांवरचे मुलगे आयांपासून वेगळे केलेले होते. अहवालावर हालचाल होईना, तेव्हा मंदर यांनी पद सोडलं, अहवाल जाहीर केला आणि न्यायालयात गेले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांहून जास्त काळ आत असलेल्यांना अटींवर सोडायला सांगितलं, 2020 मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली. तारीख नसलेल्या कैदेला पहिल्यांदा तारीख मिळाली, ती एका भेटीतून सुरू झालेल्या गोष्टीमुळे.

आजचं येरवडं

आता पुन्हा इथे. पुण्यात बांगलादेशी नागरिक पकडल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. कुणी बांधकामावर, कुणी घरकामाला, कुणी बुधवार पेठेतून सोडवलेली. बातमी अटकेपाशी संपते. पुढे काय होतं?

खटला चालतो, शिक्षा होते, ती भोगून संपते. आणि इथे एक चमत्कारिक दार उघडतं. शिक्षा संपलेल्या परदेशी माणसाला सोडता येत नाही, परत पाठवायचं असतं. परत पाठवायला त्याच्या देशाने 'हा आमचा' म्हणावं लागतं. पत्ता पडताळायचा, कागद यायचा. तोवर माणूस ठेवलेलाच. म्हणजे आरोप-खटला-शिक्षा या रस्त्याने आत आलेला माणूस, त्याच भिंतींच्या आत राहून, शिक्षेतून स्थानबद्धतेत जातो. जागा तीच राहते, तारीख मात्र नाहीशी होते. आणि जो म्हणतो, 'मला परत पाठवू नका, तिथे माझ्या जिवाला धोका आहे', त्याच्यासाठी आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाच नाही. 2011 साली गृह मंत्रालयाने अशा दाव्यांसाठी एक कार्यपद्धती ठरवून दिली, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी कोणीतरी ते वाक्य ऐकून घ्यावं लागतं. 1946 चा परदेशी नागरिक कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून गेला, नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा आला. हा प्रश्न नव्या कायद्यातही उरलाच.

या बाईबरोबर मूल असेल तर? सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. आर. डी. उपाध्याय खटल्यात 13 एप्रिल 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे मूल कैदी नाही. त्याला पाळणाघर, बालवाडी, पुरेसं अन्न, डॉक्टर मिळाला पाहिजे. जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव येता कामा नये. हे शिक्षेचा काळ मोजून केलेले नियम आहेत. आईची सुटकेची तारीखच नसेल, तर त्या मुलाची सहा वर्षं कुठे भरणार?

सहा वर्षांवरच्या मुलासाठी बाल न्याय कायदा आहे. 2015 चा हा कायदा सांगतो, की अठरा वर्षांखालचं कोणतंही मूल पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. त्यात 'भारतीय मूल' असा शब्द नाही. बांगलादेशी, रोहिंग्या, अफगाण, कोणतंही मूल या व्याख्येत बसतं. बालहक्क करार आपण 11 डिसेंबर 1992 ला मान्य केला, तोही सगळ्या मुलांसाठी आहे. मग मुलं आत जातात कशी? बहुतेक वेळा वयामुळे. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, हे नसेल तर हाडांची तपासणी, असा कायद्यातला क्रम आहे. पळून आलेल्या मुलाकडे दाखला कुठून येणार? हाडांच्या तपासणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. सोळाचं मूल अठराचं ठरलं, की तुरुंगाच्या दारातून आत जातं. शिवाय मूल स्वतःही वय वाढवून सांगतं, आणणाऱ्याने तसं पढवलेलं असतं. म्हणून पाहणी करणाऱ्याने आत गेल्यावर आधी वही मागावी आणि विचारावं, हे वय कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं?

तस्करीतून आणलेल्या मुलींचा मुद्दा तर केंद्र सरकारनेच मान्य केलाय. गृह मंत्रालयाने 1 मे 2012 ला राज्यांना कळवलं, की जी स्वतःच्या मर्जीने आलेली नाही, तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली आरोपपत्र ठेवू नका, ती गुन्ह्याची बळी आहे. 2019 मध्ये केंद्राने स्थानबद्धता केंद्रांसाठी आदर्श नियमावली राज्यांना पाठवली. तिच्यात स्तनदा मातांकडे विशेष लक्ष द्या, मुलांना जवळच्या शाळेत घाला, असं आहे. नियम वाईट नाहीत. पण या नियमांतही मूल केंद्राच्या आतच राहतं. मुलांना स्थानबद्धतेत चांगलं ठेवणं आणि मुलांना स्थानबद्धतेत न ठेवणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांनी 2017 मध्ये एकत्रितपणे हे स्पष्ट म्हटलं: स्थलांतराच्या कारणासाठी मुलाला कोंडणं कधीच मुलाच्या हिताचं नसतं, आणि कुटुंब एकत्र ठेवायचं तर आईबापांनाही बाहेर ठेवा. पुरंदरच्या पायऱ्या उलट्या दिशेने उतरायच्या, इतकंच.

बाहेर ठेवायचं म्हणजे कसं?

थायलंडने 1951 चा करार केलेला नाही, भारतासारखंच. तरी जानेवारी 2019 मध्ये तिथल्या सात सरकारी यंत्रणांनी मिळून ठरवलं, की मुलांना इमिग्रेशनच्या कोठडीत ठेवायचं नाही. अंमलात त्रुटी आहेत, तरी करार न करताही हे करता येतं हे दिसलं. आणि आपल्याला थायलंडला जायचीही गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसाहत 1972 पासून आहे. नोंदणी आहे, कागद आहेत, शाळा आहे, शेती आहे, हिवाळ्यात स्वेटर विकायला ते गावोगाव जातात. सरकारला ते कोण आणि कुठे आहेत हे माहीत असतं. नोंदणी, हजेरी, हमीदार, ठरलेला पत्ता, मुलांसाठी बालगृह किंवा पालक कुटुंब: ही सगळी साधनं आपल्या कायद्यात आणि आपल्या इतिहासात आधीच आहेत.

प्रश्नोत्तरांतून

*श्रोता : सर, देशाच्या सुरक्षेचं काय? कोणी मुलाला पुढे करून घुसलं तर?*

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. 1939 सालीही हाच प्रश्न होता आणि छावणीत खरोखरचे नाझी होतेच. सरकारला कोण आलंय हे जाणून घ्यायचा पूर्ण अधिकार आहे. पण डार्लिंग समितीने दाखवलं तसं, ते कळतं चौकशीतून. कोंडल्याने नुसता वेळ जातो. आणि सहा वर्षांच्या मुलाबद्दल चौकशी करून तुम्हाला काय कळणार आहे? आईबापाबद्दल शंका असेल तर त्यांच्याबद्दल लेखी कारण द्या, मुदत घाला, न्यायाधीशासमोर ठेवा. सुरक्षेच्या नावाखाली बिनतारखेचा आदेश काढायला मात्र कुठलीच समिती लागत नाही, भीती तिथे आहे.

*श्रोता : आमच्यासारख्यांनी काय करायचं? तुरुंगात आम्हाला कोण जाऊ देणार?*

आत जायला परवानगी लागते, माहिती मागायला लागत नाही. माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा. शिक्षा संपूनही या तुरुंगात किती परदेशी नागरिक आहेत आणि कधीपासून? आईबरोबर किती मुलं आहेत आणि त्यांची वयं काय? अभ्यागत मंडळ मागच्या वेळी कोणत्या तारखेला आलं होतं? नावं मागू नका, ती माणसं अडचणीत येतील, आकडे मागा. तुमच्या भागात धाड पडली आणि त्यात मूल दिसलं तर 1098 ला फोन करा. मूल बालकल्याण समितीसमोर चोवीस तासांत गेलं पाहिजे, मग त्याचा देश कुठलाही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं, फुकट देतं, परदेशी कैद्यालाही देतं. आणि तुमच्यापैकी कोणी समाजकार्याचे विद्यार्थी असाल, बंगाली येत असेल, तर तिथे जाऊन नाव द्या. आत अडकलेल्या बाईला आपलं म्हणणं सांगायला दुभाषी मिळत नाही, ही अडचण पैशाची नाही, माणसाची आहे.

वेळ संपली. थांबतो.